चूल रोज धुरते? आधी धूर कधी येतो ते पाहा

थंडी पडली की नागपुरात मागच्या अंगणातल्या चुली पुन्हा पेटायला लागतात. अंघोळीचं पाणी चुलीवरच तापवायचं हा रिवाज शहराच्या कडेच्या लेआउटमधून अजून टिकून आहे. पाहुणे आले की मटका रोटी लागते; ती उलट्या मटक्यावर भाजायची, गॅसवर होत नाही. मी ऑर्डरप्रमाणे मटका रोट्या करून देते, त्यामुळे माझी चूल बाराही महिने पेटती असते आणि दिवाळीनंतर मला एकच प्रश्न ऐकू येतो: “ताई, आमची चूल काहून धुरते हो?”

विटा-मातीची पक्की चूल, वर धुराडं बसवलेलं, तरी डोळे चुरचुरतात आणि भिंत काळी होते. मग गवंड्याला बोलावतात. तो चूल फोडून नवी बांधून देतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. बहुतेक वेळा दोष चुलीत नसतो. तो लाकडात असतो, पाइपात असतो, नाहीतर स्वयंपाकघराच्या पंख्यात असतो. कुठे आहे ते शोधायला फोडाफोडी करावी लागत नाही. आठवडाभर फक्त धुराची वेळ लिहून ठेवा. पेटवताना येतो, जळताना येतो, ठरावीक दिवशीच येतो की महिन्यागणिक वाढत चाललाय? या चारही धुरांची कारणं वेगळी आहेत.

पेटवताना येतो, मग आपोआप थांबतो

हे थंडीतलं दुखणं आहे. पाइप रात्रभर बाहेर उघड्यावर गार पडतो. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता; एवढी थंडी रोज नसते, पण पहाटे पाइपाला हात लावला तर तो बर्फासारखा लागतोच. पाइपातली गार हवा जड, म्हणून ती खाली उतरून चुलीच्या तोंडाशी येते. तुम्ही काडी लावता तेव्हा धुराला वरची वाट मोकळीच नसते. तो समोरच्या तोंडातून तुमच्या अंगावर येतो.

खात्री करायची असेल तर चूल पेटवायच्या आधी एक उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरा. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर धुराडं ठीक आहे. बाहेर ढकलला गेला तर पाइप उलटा वाहतोय.

उपाय फुकटचा आहे: आधी पाइप तापवा, मग चूल. पाइपच्या बुडाशी साफसफाईचं टोपण असतं. ते काढून आत वर्तमानपत्राचा बोळा किंवा मूठभर वाळक्या तुराट्या (तुरीच्या काड्या) पेटवा आणि धूर वर जायला लागला की टोपण परत लावा. टोपण नसेल तर चुलीच्या मागच्या भोकात, पाइपच्या जितकं जवळ जमेल तितकं जवळ पेटवा. पाइप भणाणला की मग समोरून बारीक काड्यांनी चूल लावा. जाड लाकूड पहिल्या पाच-दहा मिनिटांत घालूच नका. थंड चुलीत मनगटाएवढं लाकूड घातलं की ते जळत नाही, नुसतं धुमसतं.

घासलेट ओतून पेटवायची सवय असेल तर ती सोडा. निखारे विझलेत असं समजून वरून घासलेट टाकायचं आणि भडका अंगावर यायचा, अशा दुर्घटना घराघरांतल्या जुन्या बायकांना माहीत असतात. पेट्रोलचं तर नावच नको.

उन्हाळ्यात प्रकार वेगळा असतो. धुराड्याची ओढ बाहेरच्या आणि पाइपातल्या हवेच्या तापमानातल्या फरकावर चालते. बाहेर ४४ अंश असतील तर तोच पाइप, तोच जाळ असूनही ओढ हिवाळ्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी पडते. म्हणून मे महिन्यात दुपारी चूल जरा सुस्त वाटली तर घाबरायचं कारण नाही. जाळ थोडा लहान आणि कोरड्या लाकडाचा ठेवा.

जळताना सतत येतो, लाकूड शूं शूं करतं

लाकडाच्या मागच्या टोकातून फेस किंवा पाण्याचे थेंब निघत असतील तर पुढे काही तपासायची गरज नाही. लाकूड ओलं आहे.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. चुलीत घालण्याजोगं लाकूड म्हणजे ज्यात पाणी २० टक्क्यांच्या आत उरलं आहे ते. टालावरून (लाकडाच्या वखारीतून) तुम्ही ४० टक्के ओलं लाकूड आणलं तर १० किलोच्या पैशांत ४ किलो पाणी विकत घेतलं. हे पाणी उकळून घालवायला लाकडातली साधारण एक दशांश उष्णता जाते. ऐकायला हे फार वाटत नाही, आणि खरं नुकसान तिथे होतही नाही. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू सुटतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग असा वायू होऊनच जातो. हे वायू नीट जळायला सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते. ओल्या लाकडाची वाफ ज्योतीला थंड करते, वायू न जळताच निसटतात, आणि तोच आपल्या डोळ्यांत जाणारा धूर. म्हणजे धूर दिसतोय तेवढं सरपण वाया चाललंय.

ओलं-कोरडं ओळखायला यंत्र लागत नाही. दोन लाकडं एकमेकांवर आपटा. वाळलेली टणटण वाजतात, ओली ठप्प करतात. वाळलेल्याच्या कापलेल्या टोकाला मधून कडेकडे जाणाऱ्या चिरा दिसतात आणि साल नखाने सुटते. तरीही शंका असेल तर एक लाकूड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, आठवडाभर उन्हात ठेवा, पुन्हा तोला. वजन उतरलं तर ढीग अजून तयार नाही.

वाळवण्याच्या बाबतीत नागपूरकरांनी रडायचं काहीच कारण नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे जे ऊन आणि जी कोरडी हवा असते तिच्यासाठी थंड मुलुखातले लोक भट्ट्या लावतात. वर्षाचं सरपण मार्चमध्ये घ्या, लगेच फोडा आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत उघड्यावर पसरून ठेवा. फोडणं महत्त्वाचं. सालीतून पाणी निघत नाही, फोडलेल्या बाजूने निघतं. अख्खा ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओलाच निघेल. पाऊस पडायच्या आत ते पत्र्याखाली न्या, खाली विटा घालून जमिनीपासून उचला आणि बाजू मोकळ्या ठेवा. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली की आतली ओल आतच राहते आणि श्रावणात लाकडाला बुरशी धरते. ढिगातून लाकूड ओढताना आधी काठीने ठोका. पावसाळ्यात विंचू आणि साप दोघांनाही हीच जागा आवडते.

लाकूड कोणतं, यावर घरोघरी वाद असतात. बाभूळ आणि धावडा जड, सावकाश जळणारे, निखारे छान धरणारे. मी रोट्यांसाठी बाभूळच वापरते, कारण मटक्याच्या बुडाला सारखी आच लागते. तुराट्या आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) पेटवायला उत्तम, पण त्या भरभर जळतात आणि सारख्या सारायला लागतात. त्यांच्यावर गुंडभर पाणी तापवायचं म्हणजे चुलीसमोरून उठायचं नाही. संत्र्याच्या बागांच्या छाटणीच्या फांद्या मिळाल्या तर सोडू नका, वाळवून चांगल्या जळतात. लकडगंजच्या आरामशीनवरचे सागाचे छिलपे कोरडे मिळतात, पण पोत्यात प्लायवूडचे आणि रंग लावलेले तुकडे मिसळलेले असतात. ते आधी निवडून काढा. त्यातला डिंक आणि रंग जळून निघणारा धूर विषारी. रेल्वेचे जुने स्लीपर कोणी स्वस्तात देऊ केले तर तेही नकोत, ते डांबरी तेलात मुरवलेले असतात. कण्हेरीची छाटणी तर चुकूनही चुलीत जाऊ देऊ नका. रस्त्याच्या दुभाजकांवर आणि कंपाउंडला ती भरपूर असते, फुकट मिळते आणि तिचा धूरसुद्धा विषारी असतो.

लाकूड कोरडं, तरी धूर

तर मग हवा अडलीय. चुलीच्या तोंडात लाकडं कोंबलेली असतात. तोंडाची निम्मी जागा हवेसाठी मोकळी राहिली पाहिजे. लाकडाची फक्त टोकं जळू द्यायची आणि जळतील तशी आत सारायची. सगळं लाकूड एकदम आत ढकललं की त्यातून एकदम वायू सुटतात आणि तेवढ्यांना पुरेल इतकी हवा आत येत नाही. राख दोन बोटांहून जास्त साचली असेल तर काढा. खाली लोखंडी जाळी घातली तर आणखी बरं, हवा थेट निखाऱ्यांखालून येते आणि फुंकणी शोधावी लागत नाही.

भांड्याचं बूड उलटं करून बघा. त्यावर चिकट, चमकदार काळं असेल तर ज्योत थंड आहे. हाताला लागणारी, पुसली जाणारी कोरडी काजळी असेल तर बरं चाललंय. पिवळी-केशरी, हलती, आवाज करणारी ज्योत भांड्याच्या बुडाला टेकत असली पाहिजे. भांडं फार खाली बसवलं की ज्योत चेपून विझते, फार वर ठेवलं की उष्णता बाजूने निघून जाते.

पंखा लावला की येतो

हा प्रकार नवीन बांधलेल्या घरांत हमखास सापडतो. आमच्या लेआउटमधल्या एका घरी चूल दोनदा फोडून बांधली गेली. चूल मागच्या बंद पडवीत, पडवीचं दार स्वयंपाकघरात उघडणारं आणि स्वयंपाकघरात मोठा एक्झॉस्ट पंखा. फोडणी द्यायला पंखा लावला की तो खोलीतली हवा बाहेर फेकायचा आणि तेवढी हवा भरून काढायला धुराड्यातून धुरासकट हवा खाली यायची. पडवीची खिडकी वीतभर उघडी ठेवली आणि प्रश्न मिटला. उदबत्तीची परीक्षा इथेही करा: एकदा पंखा बंद ठेवून, एकदा चालू करून.

एखाद्याच दिवशी येतो

वारा. पाइपचं टोक छताच्या वर निदान ३ फूट हवं, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल (पॅरापेट, पाण्याची टाकी, जिना) त्याच्याहून २ फूट वर. शेजाऱ्याने वर मजला चढवला की कालपर्यंत ठीक चालणारं धुराडं अचानक धुरायला लागतं, कारण वारा त्या भिंतीवर आपटून खाली वळतो. पाइप वाढवा आणि वर टोपी बसवा.

दर महिन्याला थोडा जास्त येतो

आता मुख्य गोष्ट. पाइप आतून बुजत चाललाय.

धुरातले न जळलेले वायू आणि वाफ गार पाइपाला लागून थिजतात. धूर साधारण १२० अंशांच्या खाली उतरला की हे व्हायला लागतं. ओलं लाकूड आणि मंद जाळ असेल तर पाइपच्या वरच्या भागात हे रोजच होतं. बुडाचं टोपण काढून हातात टॉर्च घेऊन बघा. आत तीनपैकी एक दिसेल. मखमलीसारखी काळी काजळी, बोट फिरवलं की पडणारी, ही निरुपद्रवी. खपल्या सुटणारा, कुरकुरीत थर असेल तर साफसफाईला उशीर झालाय. आणि काचेसारखा चकाकणारा, डांबराचा वास येणारा, खरवडूनही न निघणारा थर असेल तर चूल पेटवणं आजपासून बंद. हा थर पेट घेतो. धुराड्यात लागलेली आग १००० अंशांच्या वर जाऊ शकते आणि सिमेंटचा पाइप तडकतो.

पहिल्या दोन थरांची सफाई घरी होते. चूल पूर्ण गार असताना, चुलीच्या तोंडावर ओलं पोतं टाकून, दोरीला काथ्याचा घट्ट बोळा आणि खाली एक दगड बांधायचा आणि वरून पाइपात सोडून खालीवर ओढायचा. नाकाला रुमाल बांधा. बुडाशी जमलेली काजळी टोपणातून काढा. वरच्या टोपीची जाळीही बघा, पाइप मोकळा असूनही जाळीच बुजलेली असते. उन्हाळा-पावसाळा चूल बंद होती अशा घरांत पहिल्या पेटवणीआधी हे करायलाच हवं. साळुंक्यांना असा मोकळा पाइप घरट्यासाठी फार पसंत असतो. चूल रोज पेटत असेल तर महिन्याला एकदा बघा. चकाकणाऱ्या थराच्या बाबतीत खरवडत बसू नका, पाइपच बदला. जुना सिमेंटचा पाइप असेल तर तो करवतीने कापू नका आणि घासू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जायला नको.

धुराड्यात आग लागलीच तर पाइपातून घोंघावण्याचा आवाज येतो आणि टोकातून ठिणग्या उडतात. चुलीचं तोंड पत्र्याने किंवा ओल्या पोत्याने बंद करा, बुडाचं टोपण घट्ट लावा, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. तापलेल्या पाइपावर किंवा त्याच्या आत पाणी ओतू नका. पाइप फुटतो आणि वाफ अंगावर येते.

१९८० च्या दशकात सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातून गावोगाव धुराड्याच्या चुली बसवल्या. २००२ मध्ये तो बंद झाला. त्यातल्या असंख्य चुली बायकांनी टाकून दिल्या आणि न साफ केलेले, बुजलेले पाइप हे त्याचं एक मोठं कारण होतं. चूल देताना काथ्याचा बोळा आणि दोरी सोबत दिली असती तरी बरंच काही वाचलं असतं असं मला वाटतं. वर्धा रोडजवळच्या आपल्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनेही ‘नीरधूर’ नावाची चूल तयार केली आहे. ती लाकूड, गोवऱ्या असं वेगवेगळं सरपण घेते. नवीनच घ्यायची असेल तर तसलं काही बघायला हरकत नाही, पण ओलं लाकूड कुठल्याच चुलीला चालत नाही.

धूर नसेल तेव्हाची काळजी

थंडीत सर्वांत जास्त भीती वाटते ती बिनधुराच्या निखाऱ्यांची. चुलीतले लाल निखारे घमेल्यात किंवा शेगडीत घेऊन झोपायच्या खोलीत नेतात, दारं-खिडक्या लावून घेतात. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं वाटतं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, झापड येते. आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच तसं होतं, ही ओळखायची खूण. दारं उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, थेट दवाखाना गाठा. निखारे खोलीत नेऊच नका, खिडकी किलकिली ठेवली तरीही.

राख काढताना प्लास्टिकचं टोपलं घेऊ नका. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. झाकणाचा लोखंडी डबा ठेवा आणि तो भिंतीपासून, तुराट्यांपासून लांब ठेवा. पाइप जिथून छत पार करतो तिथे लाकडी वासा किंवा गवत असेल तर दीड फुटाचं अंतर हवं. नायलॉनची साडी नेसून किंवा पदर सोडून चुलीशी बसू नका. भाजलंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, काही काही लावू नका.

हे सगळं तपासूनही धुरत असेल

तर चूल खरंच चुकीची बांधली आहे आणि गवंड्याला बोलवा. पण काय करायचं ते त्याला आधी सांगा. पाइप आतून ४ इंचांपेक्षा बारीक नको. एकापेक्षा जास्त वळण नको, आणि असेल ते काटकोनात नको. दुसऱ्या भांड्याच्या औलातून (मागच्या भोकातून) पाइपाकडे जाणारी वाट चढती हवी, आडवी किंवा उतरती नाही; तिथेच काजळी साचते. चुलीचं तोंड फार मोठं ठेवू नका, मोठ्या तोंडातून गार हवा जास्त शिरते आणि पाइप तापत नाही. मटका बसवायचा असेल तर वरच्या भोकाचा घेर मटक्याला घट्ट बसेल असा मातीने लिंपून घ्या, बाजूच्या फटीतून निघणारा धूर पाइप कितीही चांगला असला तरी खोलीतच येणार. नवी चूल आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग दोन-तीन दिवस बारीक जाळ घाला. आणि बुडाचं टोपण बसवताना ते काढायला हात घालता येईल एवढी जागा भिंतीपासून सोडायला लावा. बहुतेक जण पाइप भिंतीला चिकटवून मोकळे होतात.